लिथियम-सल्फर बॅटरीवर पीएचडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सी किंवा बीटेकचं शेवटचं वर्ष आलं की बॅटरी संशोधनाकडे वळू पाहणारे विद्यार्थी साधारण हेच प्रश्न विचारतात. त्यांचे आईवडीलही विचारतात, फक्त वेगळ्या शब्दांत. विषय आवडला आहे, पण आयुष्यातली पाच वर्षं त्यात घालावीत का, हे ज्यांना ठरवायचं आहे त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत.

लिथियम-सल्फर बॅटरी फोनमधल्या बॅटरीपेक्षा वेगळी कशी?

चार्ज झालेल्या सेलमध्ये एका बाजूला लिथियम धातूचा पातळ पत्रा असतो आणि दुसऱ्या बाजूला कार्बनमध्ये मुरवलेलं गंधक. सेल वापरताना लिथियमचे आयन इलेक्ट्रोलाइटमधून, म्हणजे मधल्या द्रावणातून, गंधकाकडे जातात आणि शेवटी लिथियम सल्फाइड तयार होतं. चार्ज करताना हीच क्रिया उलट दिशेने होते. फोनच्या लिथियम-आयन बॅटरीत आयन ग्रॅफाइटच्या आणि ऑक्साइडच्या थरांत शिरतात, बाहेर पडतात, पण थरांचा सांगाडा जागच्या जागी राहतो. इथे सांगाडाच मोडतो आणि प्रत्येक सायकलला, म्हणजे दर चार्ज-डिस्चार्जला, नव्याने उभा राहतो. या विषयातलं आकर्षण आणि डोकेदुखी, दोन्ही त्यातूनच येतात.

आठ अणूंचं गंधकाचं एक कडं सोळा लिथियम अणू घेतं. त्यामुळे एक ग्रॅम गंधकाची सैद्धांतिक क्षमता १६७५ मिलिअँपिअर-तास होते. आजच्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइडमधून ग्रॅममागे साधारण दोनशे मिळतात. व्होल्टेज मात्र कमी, सरासरी २.१ व्होल्टच्या आसपास. सगळा हिशेब जमवला तर दर किलोला सुमारे २६०० वॉट-तास हा सैद्धांतिक आकडा येतो. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये आज प्रत्यक्षात २५० ते ३०० मिळतात. या दोन आकड्यांची थेट तुलना करू नका. पहिला फक्त अभिक्रियेत भाग घेणाऱ्या पदार्थांच्या वजनावर काढलेला आहे, दुसरा पूर्ण सेलच्या.

गंधकच का?

स्वस्त आहे, मुबलक आहे आणि त्यासाठी कोबाल्ट-निकेल लागत नाही. कच्चं तेल शुद्ध करताना गंधक बाहेर काढावंच लागतं, त्यामुळे जगातलं बरंचसं गंधक हे तेलशुद्धीकरणाचं उप-उत्पादन आहे. लिथियम मात्र भारताला आयातच करावं लागतं. ‘गंधक आलं की आयात संपली’ असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

पेटंट १९६२ सालचं, मग बॅटरी अजून दुकानात का नाही?

हर्बर्ट आणि उलाम यांच्या अमेरिकन पेटंटमध्ये गंधकाचा कॅथोड (सेलचा धन इलेक्ट्रोड) १९६२ सालीच आला होता, हे खरं. त्यानंतरची साठ वर्षं चार अडचणींशी झगडण्यात गेली.

पहिली अडचण : गंधक विजेचं अत्यंत दुर्वाहक आहे. म्हणून ते कार्बनच्या अगदी जवळ, बारीक छिद्रांत बसवावं लागतं. दुसरी : गंधकाचं लिथियम सल्फाइड होताना त्याचं आकारमान सुमारे ८० टक्क्यांनी वाढतं आणि चार्ज करताना पुन्हा घटतं. इलेक्ट्रोड फुगतो, आकसतो, त्याला तडे जातात, बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) सुटतो.

तिसरी अडचण सर्वांत प्रसिद्ध. गंधकापासून लिथियम सल्फाइड बनण्याच्या वाटेवर पॉलिसल्फाइड नावाच्या साखळ्या तयार होतात. आठ, सहा, चार गंधकांच्या लांब साखळ्या नेहमीच्या ईथर इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळतात. प्रयोगासाठी पारदर्शक सेल बनवला तर रंगहीन द्रावण पिवळं, मग लालसर-तपकिरी होताना डोळ्यांना दिसतं. या विरघळलेल्या साखळ्या सेपरेटर, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला सच्छिद्र पडदा, ओलांडून लिथियमपर्यंत पोहोचतात, तिथे आखूड होतात, परत कॅथोडकडे येऊन लांब होतात, पुन्हा निघतात. चार्जर चालू राहतो आणि सेल भरतच नाही. हाच शटल परिणाम. त्यात गंधकही वाया जातं आणि लिथियमही खराब होतं.

चौथी अडचण खुद्द लिथियमची. पत्र्यावर ते पुन्हा बसताना सपाट बसत नाही, शेवाळासारखं किंवा सुईसारखं वाढतं, आणि प्रत्येक नव्या पृष्ठभागावर थोडं इलेक्ट्रोलाइट खाऊन टाकतं. माझ्या मते या क्षेत्रातले शोधनिबंध तिसऱ्या अडचणीवर गरजेपेक्षा जास्त आणि चौथीवर गरजेपेक्षा कमी निघाले. कमी इलेक्ट्रोलाइट असलेला खराखुरा पाउच सेल (पाकिटासारखा चपटा सेल) बहुतेक वेळा लिथियमच्या बाजूने आणि इलेक्ट्रोलाइट संपल्यामुळे मरतो. तुम्ही आज विषय निवडत असाल तर हे लक्षात ठेवा.

यात पीएचडीच्या विद्यार्थ्यांचं योगदान खरंच मोठं आहे का, की सगळं श्रेय प्राध्यापकांचं?

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात लिंडा नझर यांच्या प्रयोगशाळेतून २००९ साली ‘नेचर मटेरियल्स’मध्ये एक निबंध आला. काही नॅनोमीटर रुंदीच्या सुबक नळ्या असलेल्या कार्बनमध्ये वितळलेलं गंधक ओढून घेतलं, की क्षमता सैद्धांतिक आकड्याच्या बरीच जवळ जाते, हे त्यात दाखवलं होतं. आज जगभर जे काही या विषयावर चालतं, त्यातलं पुष्कळसं या निबंधातून सुरू झालं. त्याचे पहिले लेखक श्युलेई जी तेव्हा पीएचडी करत होते. गंधक १५५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत पातळ होतं, म्हणून त्याच तापमानाला ते कार्बनमध्ये मुरवायचं, ही पद्धत आता प्रत्येक प्रयोगशाळेत पाठ असते.

त्याच काळात इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातल्या दोरोन ऑरबाख यांच्या गटाने एक कोडं उलगडलं : इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडं लिथियम नायट्रेट घातलं की शटल का आवरतं? तर लिथियमच्या पत्र्यावर एक संरक्षक थर बसतो म्हणून. पण हे नायट्रेट हळूहळू खर्च होतं, हे निबंधांच्या सारांशात क्वचितच लिहिलेलं असतं.

ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठातलं काम मला विशेष आवडतं. तिथे २०२१ साली एका पीएचडी विद्यार्थिनीच्या नावावर निबंध आला : बाइंडरमध्ये ग्लुकोज मिसळून पॉलिसल्फाइडना कॅथोडपाशीच धरून ठेवायचं. साखरेसारखी संयुगं सल्फाइडशी घट्ट बंध जोडतात, याचा धागा त्यांना १९८८ सालच्या भूरसायनशास्त्राच्या एका निबंधात मिळाला, जो गाळाच्या थरांबद्दल होता. बॅटरीच्या विद्यार्थ्याने बॅटरीबाहेरचंही वाचावं, यासाठी याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात विभा कालरा यांच्या गटाने २०२२ साली दाखवलं, की कार्बनच्या नॅनोतंतूंवर गंधकाचं एक दुर्मिळ स्फटिकरूप बसवलं तर ते फोनच्या बॅटरीतल्या कार्बोनेट इलेक्ट्रोलाइटमध्येही चालतं. एरवी पॉलिसल्फाइड त्या इलेक्ट्रोलाइटवर हल्ला करून सेल संपवतात. हा स्फटिक मिळवण्यासाठी ते प्रयोग करतच नव्हते. हेतू वेगळाच होता. अनपेक्षित निकाल फेकून न देता त्यांनी तो पुन्हा पुन्हा तपासला.

दिवसभर नेमकं काम काय असतं?

गंधक आणि कार्बन खलात घोटून भट्टीत मुरवायचं. त्यात बाइंडर आणि द्रावक घालून स्लरी करायची, ॲल्युमिनियमच्या फॉइलवर तिचा सारखा थर ओढायचा, बेताच्या उष्णतेवर सुकवायचा. निर्वात ओव्हनचं तापमान जास्त ठेवलं तर गंधक उडून जातं आणि वजनाचा सगळा हिशेब चुकतो. मग गोल चकत्या कापून, एकेक तोलून ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत, न्यायच्या. आत आर्गॉन असतो. नायट्रोजन चालत नाही, कारण लिथियम सामान्य तापमानालाही त्याच्याशी अभिक्रिया करतं. तिथे जाड रबरी हातमोज्यांतून चिमट्याने लिथियम, सेपरेटर, मोजून इलेक्ट्रोलाइट, कॅथोड एकावर एक रचून वीस मिलिमीटर व्यासाचा नाणे-सेल दाबून बंद करायचा. सुरुवातीला निम्मे सेल शॉर्ट होतात. हात बसायला काही महिने लागतात आणि ते सर्वांनाच लागतात.

यानंतर वाट पाहणं. सायकलरच्या, म्हणजे सेल आपोआप चार्ज-डिस्चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, चॅनेलवर सेल लावला आणि दहा तासांत डिस्चार्ज, दहा तासांत चार्ज असा वेग ठेवला, तर शंभर सायकलना दोन हजार तास, म्हणजे ८३ दिवस. प्रत्यक्ष क्षमता कमी मिळते म्हणून वेळ थोडा कमी लागतो, पण अंदाज हाच धरा. एखाद्या कल्पनेचा निकाल कळायला एक ऋतू जातो. त्यामुळे एका वेळी एकच प्रयोग लावून बसणारा विद्यार्थी मागे पडतो. पहिले सेल चालू असतानाच पुढचे बनवायचे, आणि मधल्या वेळात एक्स-रे विवर्तन, रामन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे नमुने करायचे. सूक्ष्मदर्शकाबद्दल एक इशारा : तिथल्या निर्वातात गंधक उडतं. जे चित्र दिसतं ते नमुन्याचं आहे की त्यातून गंधक गेल्यानंतर उरलेल्या सांगाड्याचं, हे आधी तपासा.

निबंधात ‘हजार सायकल’ लिहिलेलं असलं म्हणजे बॅटरी तयार झाली का?

नाही. विद्यार्थ्यांनी सगळ्यात आधी शिकावं असं हेच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

समजा कॅथोडवर दर चौरस सेंटिमीटरला एकच मिलिग्रॅम गंधक आहे आणि प्रत्येक मिलिग्रॅममागे वीस मायक्रोलिटर इलेक्ट्रोलाइट ओतलं आहे. असे सेल निबंधांमध्ये सर्रास असतात. आता वजन करा. एक ग्रॅम गंधकामागे वीस मिलिलिटर इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बावीस ग्रॅमहून थोडं जास्त. त्या एका ग्रॅम गंधकाने हजार मिलिअँपिअर-तास दिले, २.१ व्होल्टने गुणलं, तर ऊर्जा २.१ वॉट-तास. फक्त गंधक आणि इलेक्ट्रोलाइट यांचं वजन धरलं तरी दर किलोला ९० वॉट-तासांच्या आत. लिथियम, कार्बन, फॉइल, सेपरेटर, वेष्टन अजून मोजलेलंच नाही. दुकानातली साधी लिथियम-आयन बॅटरीही याच्या कितीतरी पुढे आहे. हेच गुणोत्तर मिलिग्रॅममागे तीन मायक्रोलिटरवर आणलं, तर त्याच हिशेबाने आकडा पावणेपाचशेच्या आसपास जातो. सगळा फरक इलेक्ट्रोलाइटच्या वजनाचा.

लिथियमचंही तसंच. अशा सेलमध्ये साडेचारशे मायक्रॉन जाडीची लिथियमची चकती टाकली, तर गंधकाला लागतं त्याच्या पन्नासपटींहून जास्त लिथियम आत असतं. रोज थोडं वाया गेलं तरी कळत नाही. इलेक्ट्रोलाइट भरपूर आणि लिथियम भरपूर असलं की हजार सायकल होतात, यात नवल नाही.

टेक्सास विद्यापीठातल्या अरुमुगम मंथिराम यांच्या गटाने २०२० साली पाच निकष मांडले. मंथिराम यांची पीएचडी आयआयटी मद्रासची, आणि २०१९ साली लिथियम-आयन बॅटरीसाठी नोबेल मिळालेल्या जॉन गुडइनफ यांचं नोबेल व्याख्यान त्यांच्या वतीने दिलं ते यांनीच. निकष असे : गंधक दर चौरस सेंटिमीटरला पाच मिलिग्रॅमहून जास्त, कार्बन पाच टक्क्यांहून कमी, इलेक्ट्रोलाइट मिलिग्रॅम गंधकामागे पाच मायक्रोलिटरहून कमी, तेच मिलिअँपिअर-तासामागेही पाच मायक्रोलिटरहून कमी, आणि लिथियम गरजेच्या पाचपटींहून कमी. पाचही एकदम गाठणं फार कठीण आहे. पण तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक आलेखाखाली हे पाच आकडे लिहिलेले असावेत, मग ते कितीही वाईट असोत. पन्नास सायकलमध्ये मेलेला पण कमी इलेक्ट्रोलाइटचा सेल, आणि तो का मेला याचा नीट शोध, हे मला हजार सायकलच्या सजवलेल्या आलेखापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. परीक्षकही आता हे आकडे विचारू लागले आहेत.

आरोग्याला धोका आहे का?

आहे, आणि तो शिस्तीने आटोक्यात राहतो. लिथियम सल्फाइड आणि पॉलिसल्फाइड यांना हवेतला ओलावा मिळाला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास येतो तोच हा वायू. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं, म्हणून वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका. वापरलेले सेल फ्यूम हूडमध्येच उघडायचे, वायूमापक चालू ठेवायचा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर अधिकच जपायचं. लिथियमला आग लागली तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. धातूंच्या आगीसाठीची भुकटी किंवा कोरडी वाळू. ती बादली कुठे ठेवली आहे हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

कोणती पदवी लागते?

रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, पदार्थविज्ञान यांतली एमएस्सी किंवा केमिकल, मेटलर्जी, मेकॅनिकल अशा शाखांतली बीटेक-एमटेक. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्क्यांनी झालेल्यांनाही थेट पीएचडीसाठी अर्ज करता येतो. विद्युतरसायन पदवीला फारसं शिकवलं जात नाही, ते सगळेच नंतर शिकतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिल्या वर्षी इंग्रजी निबंध वाचायला वेळ लागतो, सेमिनारला धडधडतं; दुसऱ्या वर्षापर्यंत ते मागे पडलेलं असतं.

भारतात कुठे करता येईल?

पवईच्या आयआयटी मुंबईत ऊर्जा विज्ञान विभागात सागर मित्रा यांचा गट या विषयावर काम करतो. शिव नाडर विद्यापीठातल्या बिमलेश लोचब यांच्याबरोबर २०२१ साली त्यांनी केलेलं काम कोकणातल्या वाचकांना जवळचं वाटेल. काजूच्या टरफलातून मिळणारं कार्डानॉल आणि लवंगेतलं युजेनॉल वापरून गंधकाला पॉलिमरमध्ये बांधायचं, अशी ती कल्पना. बिया सोलणाऱ्या बायकांचे हात ज्या तेलाने भाजतात, त्याच तेलातून हे कार्डानॉल काढतात.

पवईच्याच आवारात आयआयटीबी-मोनॅश रिसर्च अकादमी २००८ पासून आहे. दोन्ही संस्थांचे मार्गदर्शक, काही काळ मेलबर्नला, आणि पदवी दोन्हींची मिळून. मोनॅशमध्ये लिथियम-सल्फरचं काम जोरात असल्यामुळे हा मार्ग जरूर तपासा. तमिळनाडूतल्या कारैकुडीची सीएसआयआरची विद्युतरसायन संस्था या शास्त्राचं देशातलं जुनं ठाणं आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि आयसर या संशोधन संस्था आहेत. तिथे बॅटरीच्या पदार्थांवर काम होतं, पण नेमकं लिथियम-सल्फरवर सध्या कोण काम करतंय हे थेट प्राध्यापकांना लिहून विचारा.

घर चालेल एवढे पैसे मिळतात का?

नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) असेल तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) म्हणून ४२,०००, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था त्या त्या समाजघटकांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. जाहिरातींच्या तारखांवर लक्ष ठेवावं लागतं. विद्यावेतन उशिरा येणं ही नेहमीची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय दुसऱ्या शहरात जाऊ नका, असं मी आईवडिलांनाही सांगतो.

परदेशातले पर्याय?

मोनॅश, वॉटर्लू, टेक्सास ही नावं वर आलीच. ब्रिटनमध्ये फॅरडे इन्स्टिट्यूशनने २०१९ साली लायस्टार नावाचा खास लिथियम-सल्फर प्रकल्प सुरू केला, नेतृत्व युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनकडे होतं. जर्मनीत ड्रेस्डेनची फ्राउनहोफर संस्था पाउच सेलपर्यंतचं काम करते, आणि त्या देशात पीएचडी करणारा अनेकदा करारावरचा पगारी कर्मचारी असतो. युरोपातल्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कचा एक नियम विसरू नका : भरतीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावेत. भारतातून जाणाऱ्यांच्या हे पथ्यावरच पडतं.

माझ्या स्कूटरमध्ये ही बॅटरी कधी येईल?

इतक्यात नाही. ही बॅटरी वजनाने हलकी असली तरी जागा जास्त खाते. जिथे ग्रॅमची किंमत सेंटिमीटरपेक्षा जास्त, तिथे ती आधी येणार : ड्रोन, उंचावर उडणारी विमानं, उपग्रह. झेफिर नावाचं सौरविमान २०१० साली ॲरिझोनात दोन आठवडे सलग उडालं, ते रात्री सायन पॉवर कंपनीच्या लिथियम-सल्फर बॅटरीवरच.

कंपन्या बंद पडताहेत असं ऐकलं. नोकरी मिळेल का?

ऑक्सफर्डशायरमधली ऑक्सिस एनर्जी मे २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि सायन पॉवरने पुढे गंधकाऐवजी लिथियम धातूच्या दुसऱ्या सेलकडे मोर्चा वळवला. दुसरीकडे कॅलिफोर्नियातल्या लायटेनने २०२३ साली सॅन होजेमध्ये पथदर्शी उत्पादन सुरू केलं, आणि स्टेलांटिसने डिसेंबर २०२४ मध्ये झेटा एनर्जीबरोबर करार करून २०३० पर्यंत मोटारींसाठी अशा बॅटऱ्या आणण्याचं लक्ष्य जाहीर केलं. हे उद्दिष्ट वेळेत साधेलच यावर मी नोकरीचा बेत आखणार नाही.

पण तुम्ही पाच वर्षांत जे शिकता ते गंधकापुरतं नसतं. इलेक्ट्रोड ओढणं, सेल बांधणं, प्रतिबाधेचे आलेख वाचणं, मेलेला सेल उघडून कारण शोधणं हे लिथियम-आयन, सोडियम-आयन, घन-स्थिती अशा सगळ्या बॅटऱ्यांमध्ये लागतं. सेल हाताने बांधलेली माणसं भारतात कमी आहेत. नोकरीच्या मुलाखतीत स्वतःला ‘लिथियम-सल्फरवाला’ म्हणवून घेण्यापेक्षा हे सांगा.

मार्गदर्शक निवडताना काय विचारू?

निबंधांची संख्या सगळेच विचारतात. तुम्ही हे विचारा. सायकलरला किती चॅनेल आहेत आणि एका विद्यार्थ्याच्या वाट्याला किती येतात? ग्लोव्हबॉक्स बंद पडला तर दुरुस्तीला किती दिवस जातात, आणि तेवढ्यात विद्यार्थी काय करतात? एका आलेखामागे किती सेल असतात, एक की चार? गटाच्या शेवटच्या निबंधात इलेक्ट्रोलाइट आणि गंधकाचं गुणोत्तर किती होतं? पाउच सेल बनवण्याची सोय आहे का? जमलं तर प्राध्यापक नसताना तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी चहावर बोला आणि त्यांना विचारा, की नकारात्मक निकाल घेऊन सरांच्या किंवा मॅडमच्या केबिनमध्ये गेलं तर पुढे काय होतं.